कुरणाची समृद्धि व स्थैर्य

इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांत रॉथॅमस्टेड येथें सुमारें सात एकरांचें एक कुरण आहे. तेथें १८५६ सालीं सुरू झालेला प्रयोग अद्यापि चालू आहे. राजांच्या कारकीर्दी मोजणाऱ्या इतिहासकारानें गवताच्या या बखरीकडेहि लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें.

जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनीं हा प्रयोग आरंभिला. लॉज हा खतांचा कारखानदार. १८४२ मध्यें त्यानें सुपरफॉस्फेटचें पेटंट घेतलें होतें. कोणत्या खतानें वैरण अधिक मिळेल, एवढाच मूळ प्रश्न होता. त्याचें उत्तर मिळालें. गवत भरघोस वाढलें. परंतु दोनतीन वर्षांतच कुरणाचें रूपहि पालटूं लागलें. ज्या तुकड्यांस कांहींच घातलें नव्हतें, तेथें आजहि चाळीसच्या आसपास जाति एकत्र नांदतात. जेथें अमोनियम सल्फेट भरपूर पडलें व चुना मिळाला नाहीं, तेथील जमीन आम्ल होऊन अखेर दोनतीनच जाति उरल्या.

असें कां व्हावें? भूमि निकस असतां कोणा एकाची सरशी होत नाहीं. नत्र विपुल मिळालें कीं झगडा जमिनींतून प्रकाशाकडे वळतो. उंच गवतें माजतात आणि त्यांच्या छायेंत लहान रोपें नाहींशीं होतात. भूमीच्या आम्लतेनें या हानींत भरच पडते.

कोणी म्हणेल, जाति घटल्या तरी वैरण वाढली ना? याचें उत्तर अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत मिळालें. तेथें सीडर क्रीक येथें डेव्हिड टिलमन यानें १८८२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, १९८२ मध्यें, गवताच्या तुकड्यांस कमीअधिक नत्र देण्यास आरंभ केला. १९८७-८८ च्या अवर्षणांत जातींनीं दरिद्री झालेले तुकडे अधिक कोलमडले व सावरण्यासहि त्यांस अधिक काळ लागला. हा दोष जातींच्या उणिवेचा कीं खताचाच, असा आक्षेप पुढें निघाला, व तो रास्त होता. २०१४ मध्यें पांच खंडांतील ४१ कुरणांचा ताळा प्रसिद्ध झाला. खत न घातलेल्या कुरणांत एका जातीचें वाईट वर्ष दुसरीस चांगलें जातें, आणि एकंदर उत्पन्न स्थिर राहतें. खतानें हाच आधार दुबळा होतो, असें त्यांत दिसून आलें.

अति तेथें माती, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. खत टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोट्यवधि लोकांचें अन्न त्यावर अवलंबून आहे. पण सुगीच्या वर्षाचा भारा मोजून कुरणाचें बळ कळत नाहीं. तें दुष्काळांत कळतें. लॉजनें खताच्या धंद्यांत मिळविलेल्या पैशांतून १८८९ मध्यें आपल्या प्रयोगांसाठीं विश्वस्तनिधि स्थापिला. त्या पैशावर जगलेल्या कुरणानेंच खताची मर्यादा जगास दाखविली, आणि धन्यास न रुचणारें उत्तरहि जपून ठेवणें यांतच विद्येचा खरा मोठेपणा आहे.