पानोपानी पसरलेलं ब्रह्मकमळ

पावसाळ्यात पुण्याच्या गॅलऱ्यांत रात्री फुलणारं ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं निवडुंग आहे. तिथल्या दमट रानात ते मोठ्या झाडांच्या खोडांवर वाढतं. म्हणूनच आपल्या कुंडीत पाणी साचलं की त्याची मुळं कुजतात. १८२८ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगस्टिन द कांदोल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ निराळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उंच थंड डोंगरांवरचं. पुण्याच्या हवेत ते तग धरणार नाही.

आपल्याकडच्या ब्रह्मकमळाचं पान हे खरं तर पान नसून चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेच्या खाचेतून कळी निघते आणि लांब देठावर खाली लोंबते. फुलायच्या दिवशी ती मान वर करते, बाहेरच्या गुलाबीसर पाकळ्या सुटायला लागतात, आणि जाणकार आजी दुपारीच सांगून टाकतात, ‘आज फुलणार!’ मग शेजारीपाजारी निरोप जातात. रात्री आठ-नऊनंतर पांढऱ्या पाकळ्या बघता बघता उलगडतात. आत केसरांचा झुपका आणि मधोमध चांदणीसारखा स्त्रीकेसर. त्यातच ब्रह्मदेव दिसतो म्हणून कुणी हळदकुंकू वाहतं, कुणी उदबत्ती लावतं. मूळ देशात हा सगळा थाट निशाचर पतंगांसाठी असतो. उजाडेपर्यंत फूल मलूल होतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा प्रसार. फूल बघायला आलेल्या पाहुण्याला जाताना एक पान कापून द्यायचं, हीच इथली रीत. चीक सुकेपर्यंत ते दोन-चार दिवस सावलीत ठेवायचं आणि निचऱ्याच्या मातीत उभं खोचायचं. मुळं धरतात, फुलं मात्र दोन-तीन वर्षं वाट बघायला लावतात. वाड्यातून फ्लॅटमध्ये गेलेल्या घरांनी सामानाबरोबर हे पानही नेलं. पानापासून केलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा, त्यामुळे आजीच्या कुंडीतलं झाड आणि नातवाच्या कुंडीतलं झाड एकच असतं.

ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० सालची संस्था एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरवते. गुलाब, शेवंती, बोन्साय सगळं तिथे बघायला मिळतं. पण जानेवारी हा ब्रह्मकमळाचा हंगाम नव्हे, आणि दिवसा तर ते उमलतच नाही. ते बघायचं तर कुणाच्या तरी घरीच जावं लागतं.