इंटरनेट प्रोटोकॉलचे स्थित्यंतर व बोगदापद्धती

संगणकांच्या जागतिक जाळ्यातील प्रत्येक यंत्रास पत्ता देणे व माहितीचे तुकडे त्या पत्त्यावर पोहोचविणे यासाठी ठरविलेला नियमसंच म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल होय. त्याची चौथी आवृत्ती मागे पडून सहावी आवृत्ती रूढ होण्याच्या दीर्घ प्रक्रियेस स्थित्यंतर असे म्हणतात. पाचवा क्रमांक ध्वनी व चित्रे यांच्या अखंड वहनासाठी केलेल्या एका प्रायोगिक प्रोटोकॉलला आधीच दिला गेला होता, म्हणून तो वगळण्यात आला. या स्थित्यंतरात एका आवृत्तीची पॅकेटे दुसऱ्या आवृत्तीच्या पॅकेटांत घालून नेण्याची जी युक्ती योजली गेली, ती बोगदापद्धती होय.

चौथ्या आवृत्तीचे विनिर्देश सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच संभवतात. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ रोजी जुना नियमसंच बंद करून हा नवा अंमलात आणण्यात आला. जाळ्यावरील संगणक तेव्हा काही शेकडाच असल्याने असा एक दिवस ठरविणे शक्य झाले. पुढे जगभर पसरलेल्या जाळ्याला एका दिवसात थांबवून बदलणे कोणाच्याही हाती उरले नाही, आणि स्थित्यंतराच्या साऱ्या अडचणी येथूनच सुरू होतात.

आरंभीच्या काळात पत्ते सढळ हाताने वाटले गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका शिक्षणसंस्थेच्या वाट्याला १,६७,७७,२१६ पत्त्यांचा संपूर्ण गट आला होता. भारतास मात्र, १४० कोटींच्या लोकसंख्येसाठी, सुमारे चार कोटी पत्ते मिळू शकले. उशिरा आलेल्यास कमी, असा हा सरळ हिशेब होता. त्यात हेतुपुरस्सर अन्याय नसला, तरी परिणाम अन्यायाचाच झाला.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात मुंबईत झाली. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक व संशोधन जाळे उभारावयास घेतले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था हे त्यातील दोन घटक होते. प्रारंभी अर्नेटवर इंटरनेटचा नियमसंच आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा प्रतिस्पर्धी नियमसंच, असे दोन्ही शेजारी-शेजारी चालविले गेले. १९९५ पासून पहिलाच शिल्लक राहिला. दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर नांदविण्याचा जो मार्ग पुढे दुहेरी व्यवस्था म्हणून जगभर रूढ झाला, त्याच जातीचा हा जुना अनुभव म्हणता येईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सहाव्या आवृत्तीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. भारतीय घरांत चौथी आवृत्ती शिरली त्याच वर्षी तिची वारसदार कागदावर तयार होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असून पत्त्यांची संख्या ३९ अंकी होते.

तथापि दोन्ही आवृत्त्या परस्परांस समजत नाहीत. मराठवाड्यातील वाचकास ही अडचण रेल्वेच्या उदाहरणाने चटकन समजेल. मुंबईहून येणारा रुंदमापी मार्ग व औरंगाबादकडे (छत्रपती संभाजीनगर) जाणारा निजामाच्या रेल्वेचा मीटरमापी मार्ग यांची गाठ मनमाडला पडत असे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रूळ बदलले जाईपर्यंत तेथे एका गाडीतील माल उतरवून दुसरीत भरावा लागे. माल तोच ठेवून वाहन बदलणे हे प्रोटोकॉलच्या भाषेत रूपांतर झाले. याऐवजी भरलेली मीटरमापी वाघीणच उचलून रुंदमापी वाघिणीवर ठेवली आणि पलीकडच्या मीटरमापी रुळांवर पुन्हा उतरविली, तर ती बोगदापद्धती होईल. सहाव्या आवृत्तीचे संपूर्ण पॅकेट चौथ्या आवृत्तीच्या पॅकेटात माल म्हणून भरले जाते. बाहेरच्या शीर्षात ४१ हा क्रमांक घातला जातो, त्यावरून आत काय आहे ते पलीकडच्या टोकास कळते. मधल्या राउटरांस आतील मजकुराचा पत्ता नसतो.

या सोयीची किंमत द्यावी लागते. बाहेरचे शीर्ष २० बाइटांचे असल्याने १५०० बाइटांच्या नेहमीच्या चौकटीत आतील पॅकेटास १४८० बाइटच उरतात. एवढे लहान पॅकेट हवे, ही सूचना वाटेतील एखाद्या सुरक्षाभिंतीने अडविली, तर लहान संदेश जातात व मोठी पाने मात्र उघडता उघडत नाहीत. असा दोष शोधून काढणे अनुभवी तंत्रज्ञासही जड जाते. शिवाय बोगद्याचे दुसरे टोक परदेशात असल्यास शेजारच्या गावाकडे जाणारी माहितीही समुद्रापार जाऊन परत येते.

१९९६ मध्ये सुरू झालेले ‘सिक्सबोन’ हे प्रायोगिक जाळे प्रामुख्याने अशा बोगद्यांवरच उभे होते. ते ६ जून २००६ रोजी बंद करण्यात आले. २००१ मध्ये ‘सिक्स-टू-फोर’ ही स्वयंचलित रीत आली. तिच्यात वाटेवरील अनोळखी मध्यस्थ यंत्रांवर भिस्त ठेवावी लागे, आणि त्यांच्या कामाची हमी कोणीच देत नसे. मे २०१५ मध्ये ती मध्यस्थ-व्यवस्था वापरू नये असे अधिकृतपणे सांगण्यात आले. २००६ च्या ‘टेरेडो’ रीतीस लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याचे नाव दिलेले आहे. गलबते आतून पोकळ करणारा हा किडा कोकणच्या नाखव्यांस चांगला परिचित आहे. सुरक्षाभिंतीस भोक पाडून जाणाऱ्या रीतीस हे नाव शोभले, पण त्यामुळेच कार्यालयांच्या व्यवस्थापकांस ती संशयास्पदही वाटली. फ्रान्समधील ‘फ्री’ या कंपनीने २००७ च्या अखेरीस बोगद्याची दोन्ही टोके स्वतःच्याच ताब्यात ठेवून पाच आठवड्यांत ग्राहकांस सहावी आवृत्ती पुरविली, आणि ही योजना यशस्वी झाली. बोगदा वाईट नसतो, बेवारस बोगदा वाईट असतो, हे या दोन अनुभवांच्या तुलनेवरून दिसते.

खरा रेटा टंचाईने दिला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच गट वाटले गेले आणि एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या गटावर आला. त्यानंतर त्या गटातून प्रत्येक अर्जदार संस्थेस जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. कोट्यवधी ग्राहकांची अपेक्षा धरून उभ्या राहणाऱ्या नव्या भ्रमणध्वनी कंपनीस हे मूठभर धान्य होते. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या रिलायन्स जिओने सेवा सुरू केली, ती आरंभापासूनच सहाव्या आवृत्तीवर भर देऊन. परिणामी या आवृत्तीच्या वापरात भारत काही वर्षांतच जगातील अग्रेसर देशांत गणला जाऊ लागला. सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी तारेची जोडणी घरोघर येण्याच्या आधीच भ्रमणध्वनी आला, म्हणून तेथे मका-कापसाचे भाव पाहणारा शेतकरी नकळत नव्या आवृत्तीचा वापरकर्ता झाला. महानगरातील जुन्या कार्यालयाचा संगणक मात्र पुष्कळदा चौथ्याच आवृत्तीवर राहिला.

पत्त्यांच्या टंचाईवर दुसरा उपाय म्हणजे शेकडो ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसविणे. त्यात बाहेर जाता येते. बाहेरून आत मात्र सहज येता येत नाही. शेतातील पंपाजवळ लावलेला कॅमेरा घरून पाहावयाचा तर तिसऱ्या कोणाचा तरी संगणक मध्ये घ्यावा लागतो. पोलीस तपासातही पत्ता व वेळ एवढ्यावरून ग्राहक ओळखता येत नाही, पोर्टचा क्रमांकही नोंदलेला असावा लागतो. सहाव्या आवृत्तीने पत्त्याचा अडसर दूर होतो. सेवादात्याने सुरक्षेसाठी आतला मार्ग बंद ठेवला असेल, तर तो प्रश्न निराळा.

आता बोगद्याची दिशा उलटली आहे. २०११ मध्ये मानक ठरलेल्या एका रीतीत चौथ्या आवृत्तीची पॅकेटे सहाव्या आवृत्तीच्या जाळ्यातून बोगद्याने नेली जातात. भ्रमणध्वनीत अधिक रुळलेली २०१३ ची रीत रूपांतराची आहे : फोनमध्ये एकदा व कंपनीच्या केंद्रात पुन्हा एकदा, असा माल दोनदा बदलला जातो. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला व मार्च २०१३ मध्ये दुसरा मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला. शासकीय कार्यालयांनी डिसेंबर २०१७ पर्यंत नवी आवृत्ती स्वीकारावी, असे दुसऱ्या आराखड्यात होते. २०२१ मध्ये ही मुदत जून २०२२ पर्यंत वाढविण्यात आली.