चित्रफितीपासून टॉरेंटपर्यंत : प्रताधिकार कायद्याचा रोख आणि सामान्य वापरकर्ता

प्रस्तावना

इंटरनेटवरून चित्रपट, गाणी, संगणकीय आज्ञावली किंवा ग्रंथ विनापरवाना उतरवून घेणे ही आज सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तिच्याविषयी दोन परस्परविरोधी समज रूढ आहेत. ‘घरी पाहण्यापुरते घेतले तर गुन्हा नाही’ हा एक, आणि ‘अशी फाईल नुसती उघडली तरी तीन वर्षांचा कारावास होतो’ हा दुसरा. हे दोन्ही समज अपुरे आहेत. भारतातील प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइटचा कायदा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घडत गेला, हे कालक्रमाने पाहिल्यास या समजांच्या मर्यादा स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात हा प्रवास मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात तपासला आहे.

१. छापखान्यापासून चित्रफितीपर्यंत

प्रताधिकार अधिनियम, १९५७ हा २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. म्हणजे या विभागातील विद्यापीठीय जीवन आणि स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा हे समवयस्क आहेत. त्या काळात ग्रंथाची चोरटी आवृत्ती काढायची तर छापखाना, कागद, भांडवल आणि गोदाम यांची गरज होती. गुन्हेगार हा व्यापारीच असणार, हे कायद्याचे गृहीतक परिस्थितीला धरूनच होते. चोरटे पुस्तक विकत घेणारा वाचक कायद्याच्या दृष्टीसमोर फारसा नव्हता.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले. चित्रफितीची नक्कल करण्यास दोन यंत्रे पुरेशी होती. या नव्या संकटावर उपाय म्हणून १९८४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. चित्रफितीवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले. मात्र व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय विशेष कारणे नमूद करून कमी शिक्षा देऊ शकते, अशी सवलत आजही त्या कलमात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. येथे प्रथमच शिक्षेचा रोख थेट वापरकर्त्याकडे वळला, हे लक्षणीय होय.

महाराष्ट्राने आणखी कठोर पाऊल उचलले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींना स्थानबद्ध करण्यासाठी असलेल्या १९८१ च्या कायद्याच्या, म्हणजे एमपीडीएच्या, कक्षेत २००९ साली दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्तींचाही समावेश करण्यात आला. या तरतुदीसमोरही व्यावसायिक टोळीचेच चित्र होते.

२. टॉरेंटने मोडलेले गृहीतक

२००१ साली बिटटॉरेंट ही पद्धत आली आणि व्यापारी व ग्राहक यांतील सीमारेषा पुसट झाली. या पद्धतीत फाईलचे लहान तुकडे अनेक संगणकांवरून एकाच वेळी येतात आणि आलेले तुकडे आपला संगणक त्याच वेळी इतरांना पुरवत असतो. वापरकर्त्याला वाटते की तो केवळ घेत आहे; प्रत्यक्षात तो वितरणही करीत असतो. त्याला पैसा मिळत नाही, परंतु कायद्याने ज्या कृतीला सर्वाधिक महत्त्व दिले ती कृती त्याच्या हातून घडते.

३. ‘ढिशूम’ प्रकरण

२०१६ च्या जुलै महिन्यात ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वीच मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्याऐवजी प्रत्येक दुव्याची पडताळणी व्हावी, असा आग्रह धरला. त्यानंतर अवरोधित पानांवर जो इशारा झळकू लागला, त्यात असा मजकूर ‘पाहणे’ हेदेखील शिक्षापात्र असल्याचे व दंड ३ लाखांपर्यंत असल्याचे म्हटले होते. वास्तविक कलम ६३ व ६३-अ मधील कमाल दंड २ लाख रुपये आहे. देशभर संभ्रम पसरला. ऑगस्टअखेर न्यायालयाने खुलासा केला की, केवळ पाहणे हा या अधिनियमाखालील गुन्हा नसून हक्कधारकास बाधक ठरणारे वितरण, सार्वजनिक प्रदर्शन तसेच विनापरवाना विक्री वा भाड्याने देणे हा गुन्हा होय. १९८१ पासून औरंगाबाद येथे याच न्यायालयाचे खंडपीठ कार्यरत असल्याने मराठवाड्याच्या दृष्टीनेही हा खुलासा महत्त्वाचा ठरतो.

तथापि ‘पाहणे’ आणि ‘उतरवून घेणे’ यांत भेद आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपट इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही प्रत काढणेच मानले जाते. कलम ५२ मध्ये खाजगी वापर व संशोधन यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. पण संगणकीय आज्ञावली तीतून वगळल्या आहेत आणि संपूर्ण चित्रपटाची चोरटी प्रत घेणे न्याय्य ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती अधिनियमाने चित्रपटगृहातील चोरट्या चित्रीकरणास तीन महिने ते तीन वर्षे कारावास व किमान ३ लाख रुपये दंडाची तरतूद केली.

४. महाविद्यालयांपुढील प्रश्न

कायद्याबरोबरच तांत्रिक धोकाही असतो. चोरट्या आज्ञावलीचे कुलूप उघडणारी छोटी फाईल चालविताना वापरकर्ता अनेकदा संगणकाची विषाणूरोधक व्यवस्था स्वतःच बंद करतो. अशा फाईलमधून परवलीचे शब्द चोरणारे किंवा सर्व माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे कार्यक्रम आत शिरू शकतात. ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे गुण आणि हजेरी असते, त्यावर हा धोका केवळ वैयक्तिक राहत नाही.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी काढलेल्या छायाप्रतींना संरक्षण असल्याचे मान्य केले. महागड्या नियतकालिकांतील लेखांसाठी अनेक संशोधक साय-हबकडे वळले, यामागे चोरीच्या वृत्तीपेक्षा ग्रंथालयांचे तुटपुंजे अंदाजपत्रक अधिक होते. आता एन-लिस्ट योजना, शोधगंगा आणि शासकीय संस्थांसाठी २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना हे कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत.

निष्कर्ष

१. भारतीय प्रताधिकार कायदा प्रामुख्याने व्यापारी नक्कलकाराला समोर ठेवून घडला. सामान्य वापरकर्ता त्याच्या कक्षेत उशिरा व अंशतः आला.

२. पाहणे, उतरवून घेणे आणि वितरित करणे या तीन भिन्न कृती असून टॉरेंटमध्ये दुसरी व तिसरी एकत्र घडतात. वापरकर्त्याची खरी जोखीम येथेच आहे.

३. शिक्षेची अतिशयोक्ती केल्याने कायद्याचा धाक वाढत नाही. खुलासा झाल्यावर खऱ्या तरतुदींवरचाही विश्वास उडतो, हे २०१६ च्या अनुभवावरून दिसते. म्हणून महाविद्यालयांनी केवळ मनाईचे फलक न लावता हा भेद विद्यार्थ्यांना शिकविणे आणि कायदेशीर मार्ग त्यांच्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.