कुलूप एक, नावे अनेक

एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी गाडीच्या चालकाला वेताच्या कड्यात अडकवलेला एक गोळा दिला जाई. गोळा ज्याच्याकडे, त्याचीच गाडी पुढच्या स्थानकापर्यंत जाणार. लहानपणी फलाटावर उभा राहून मी ते नवलाने पाहत असे. पुढे संगणकाचे प्रोग्राम लिहू लागलो, तेव्हा तोच गोळा मला पुन्हा भेटला.

एका प्रोग्राममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू शकतात. अशा प्रत्येक कामाला ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात. दोन थ्रेडनी एकाच खात्यातली शिल्लक एकदम वाचून बदलली, तर एकाची नोंद पुसली जाते. म्हणून ज्याच्या हाती कुलूप, त्यानेच खात्याला हात लावायचा. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात अशा एका व्यवस्थेला नावच दिले ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा सिग्नल!

कल्पना एक, नावे मात्र अनेक. थ्रेड सुरू करायचा तर सोलारिसचे फंक्शन वेगळे, विंडोजचे वेगळे आणि १९९५ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणाचे आणखी वेगळे. फरक नुसता नावाचा असता तर भागले असते.

१९९९ साली एका पतसंस्थेचा प्रोग्राम युनिक्सवरून विंडोजवर नेण्याचे काम माझ्याकडे आले. पॉझिक्समध्ये एक सोय होती. थ्रेडने कुलूप सोडायचे आणि हाक येईपर्यंत झोपायचे, ही दोन्ही कामे एका दमात होत. विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टाबरोबर आली. तेव्हा ती नव्हती. मी ती हाताने रचली, पण दोन पायऱ्यांत. कुलूप सुटले, झोप अजून लागायची आहे, आणि नेमकी तेवढ्यात हाक आली तर? महिनाअखेरीच्या रात्री तेच झाले. थ्रेड न आलेल्या हाकेची वाट पाहत झोपून राहिला. सकाळी ठेवीदार रांगेत ताटकळले. चूक माझीच होती. पण ही चूक करण्याची वेळ किती जणांवर आली असेल!

सी भाषेच्या प्रमाणात सर्वांसाठी समान फंक्शने यायला २०११ साल उजाडले. थ्रेड सुरू करणे, कुलूप लावणे, हाकेची वाट पाहणे, सगळे त्यात आले. पण कागदावर छापले म्हणजे यंत्रात आले, असे थोडेच आहे? शिवाय प्रमाणाने ती ऐच्छिक ठेवली होती. फ्रीबीएसडीने ती २०१४ च्या दहाव्या आवृत्तीत दिली. लिनक्सवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘जीलिबसी’ लायब्ररीत ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत यायला २०२३ चा नोव्हेंबर लागला.

एवढा उशीर का? जीलिबसीतली नवी फंक्शने म्हणजे जुन्या पॉझिक्स फंक्शनांवर घातलेला पातळ अंगरखाच. ज्यांचे जुन्यावर भागत होते, त्यांना घाई नव्हती. अडत होते ते एकच प्रोग्राम तीन ठिकाणी चालवणाऱ्यांचे.

आज लिनक्स असो की विंडोज, वाट पाहण्याची ती ओळ दोन्हीकडे सारखीच लिहिता येते. नव्या मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटूही नये. मला मात्र त्या ओळीमागे पतसंस्थेच्या दारातली रांग दिसते.