शाळेंतला छायालेखनाचा वर्ग

शाळेंत छायाचित्रें काढण्याचा वर्ग असावा, असें कोणी सुचविलें कीं दोन प्रश्न हटकून विचारले जातात. यांत शिकण्यासारखें तें काय आहे, हा पहिला. आणि हें खूळ आपल्याकडे आलें तरी केव्हां, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरांत बरेंचसें सांपडतें, म्हणून मी इतिहासापासूनच आरंभ करतों.

१८५५ हें साल डोळ्यांपुढें आणावें. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी जाऊन अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. मुंबईला विद्यापीठ नव्हतें; तें निघालें १८५७ सालीं. आपला वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखालीं नुकताच गेला होता, आणि यवतमाळ गांवाला आगगाडी लागण्यास अजून जवळ जवळ अर्धें शतक जावयाचें होतें. अशा काळीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें क्रॉफर्ड नांवाच्या गृहस्थांच्या हाताखालीं छायालेखनाचा वर्ग सुरू झाला. पॅरिसमध्यें दागेरची कृति जगाला जाहीर झाली ती १८३९ सालीं. म्हणजे ही विद्या जन्मून सोळा वर्षें होतात न होतात तोंच आमचीं मुलें ती शाळेंत शिकूं लागलीं. खुद्द इंग्लंडांत आडिस्कोंब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयांत हा विषय शिकविण्यास प्रारंभ झाला तोहि १८५५ मध्येंच.

हा योगायोग नव्हे. हिंदुस्थानांतील जुन्या इमारती, लेणीं व शिलालेख यांचीं चित्रें चितारी लावून काढविण्यांत वेळ फार जाई आणि अचूकपणाची खात्री नसे. छायालेखनानें तें काम लौकर व स्वस्तांत होईल असें कंपनीच्या कारभाऱ्यांना वाटूं लागलें होतें. त्याच १८५५ सालीं मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस विजापूर व कर्नाटकाकडील प्राचीन इमारतींचीं चित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. सरकारला हात हवे होते. पण एकदां विद्या दिली कीं ती घेणारा तिचें काय करील हें देणाऱ्याच्या स्वाधीन राहत नाहीं, आणि या वर्गाच्या बाबतींत तसेंच झालें.

त्या काळच्या विद्यार्थ्याला काय शिकावें लागे तें आतां पाहूं. कळ दाबली कीं चित्र, ही चैन तेव्हां नव्हती. मेण चढविलेल्या कागदाची एक रीत होती आणि ओल्या काचेची दुसरी. त्यांतली काचेची रीत स्कॉट आर्चर यानें १८५१ त प्रसिद्ध केली. तिचें मूळ द्रव्य कलोडियन. आपल्या जिल्ह्याचा संसार ज्या कापसावर चालतो त्याच कापसावर नत्राम्लाची व गंधकाम्लाची क्रिया करावयाची, आणि तो ईथर व मद्यार्क यांच्या मिश्रणांत विरघळवावयाचा. हा पाक क्षार मिसळून स्वच्छ काचेवर ओतावयाचा. तो चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरला पाहिजे आणि एकहि थेंब मनगटावर येतां कामा नये. मग अंधाऱ्या खोलींत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच यंत्रांत घालावयाची, प्रकाश द्यावयाचा, आणि पुन्हां धांवत अंधारांत येऊन चित्र उमटवावयाचें. काच वाळली कीं सारा खटाटोप फुकट. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळूं लागतो. यवतमाळच्या वैशाखांत पारा ४२ च्याहि वर चढतो. म्हणजे विलायती पुस्तकांत जेवढा अवधि लिहिलेला असे तेवढा आमच्या उन्हांत मिळणें शक्यच नव्हतें. पुस्तकांतला आंकडा आपल्या हवेप्रमाणें बदलून घ्यावा लागतो हा धडा मुंबईच्या दमट उकाड्यांतहि त्या मुलांना पहिल्याच उन्हाळ्यांत मिळाला असला पाहिजे.

शिवाय बोटें काळीं होत तीं वेगळींच. चांदीच्या क्षाराचा डाग साबणानें जात नाहीं. सोंवळ्याओंवळ्याच्या त्या दिवसांत असे हात घेऊन घरीं जेवावयास बसणाऱ्या मुलाला वडील माणसांनीं काय ऐकविलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

काचेवर जें उमटे तें उलटें : पांढरें तें काळें, काळें तें पांढरें. त्यावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हांत छाप घ्यावयाचा, आणि नंतर हायपोच्या पाण्यांत टाकून पुष्कळ वेळ धुवावयाचा. हें धुणें सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत महत्त्वाचें. त्यांत आळस केला तर चित्र त्या दिवशीं सुरेख दिसतें. कांहीं वर्षांनीं पिवळें पडून विरून जातें. आळसाचें फळ इतक्या उशिरां देणारा दुसरा विषय शाळेंत क्वचितच असेल.

या वर्गांतून निघालेल्यांत हरिश्चंद्र चिंतामण यांचें नांव आज इतिहासकार घेतात. त्यांनीं मुंबईंत स्वतःचें छायाचित्रालय काढलें आणि तें नांवारूपास आणलें. पुढें ते विलायतेस गेले, १८७४ सालीं लंडनहून भगवद्गीतेवर इंग्रजींत भाष्य प्रसिद्ध केलें, मुंबईच्या आर्यसमाजांतहि पुढारीपण केलें. पण ती कथा निराळी आहे आणि सगळीच गोड नाहीं. दुसरें नांव डॉ. नारायण दाजी यांचें. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधु. व्यवसायानें वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले, आणि १८५४ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या छायालेखन संस्थेंतील एक जाणते सभासद. १८५७ सालीं त्यांचीं चित्रें कलकत्त्याच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं.

या दोन नांवांचें महत्त्व लक्षांत यावयाचें असेल तर शेजारीं दुसरें एक पुस्तक ठेवावें लागतें. १८६८ पासून १८७५ पर्यंत वॉटसन आणि के या दोघांनीं ‘पीपल ऑफ इंडिया’ या नांवानें आठ खंड सरकारसाठीं प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडों छायाचित्रें आहेत. चित्रांतील माणूस बहुतेक ठिकाणीं एखाद्या जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभा केलेला. अमुक जमात विश्वासू, अमुक उपद्रवी, असे शेरे सोबत. फुलपांखरें टांचणीला लावावींत तशी ती माणसें मला दिसतात. यंत्राच्या पुढें आपण असावें आणि मागें दुसऱ्यानें असावें, अशी ही वांटणी होती. शाळेंतल्या एका वर्गानें ती तेरा वर्षें आधींच मोडलेली होती. आमच्या लोकांनीं काढलेलीं सर्वच चित्रें निर्दोष होतीं असें मला म्हणावयाचें नाहीं. पण कोणाला कोठें उभें करावयाचें, उजेड कोणत्या बाजूनें घ्यावयाचा, हें ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें १८७१ त कोरड्या काचेची युक्ति निघाली, १८८८ त ईस्टमनचें कोडॅक आलें, आणि आज तर यंत्र प्रत्येकाच्या खिशांत असतें. त्यामुळें शिकावयाचें कांहीं उरलेंच नाहीं असें पुष्कळांना वाटतें. माझें मत उलट आहे. यंत्र सगळें स्वतः करूं लागलें म्हणूनच, तें काय करतें हें एकदां हातानें करून पाहण्याची गरज वाढली. त्याला खर्च येत नाहीं. कौलाच्या फटींतून अंधाऱ्या माजघराच्या भिंतीवर रस्त्यानें जाणारी बैलगाडी उलटी चालतांना ज्यानें पाहिली आहे, त्याला छायालेखनाचें अर्धें शास्त्र ठाऊकच आहे. पुठ्ठ्याच्या डब्याला सुईनें छिद्र पाडून तेंच मुलांना दाखवितां येतें.

उरलेल्या अर्ध्यासाठीं हर्शेलनें १८४२ सालीं शोधलेली निळ्या छापाची कृति आहे. तिला चांदी लागत नाहीं, लोखंडाचे क्षार पुरतात, म्हणून ती स्वस्तहि आहे. ॲना ॲटकिन्स या बाईनें १८४३ पासून याच कृतीनें समुद्रशैवालांचें पुस्तक तयार केलें. आमच्या मुलांना समुद्र दूर. पण पळस आणि कपाशी दाराशींच आहेत. क्षार लावून अंधारांत वाळविलेल्या कागदावर कपाशीचें पान ठेवावें, वर काच दाबावी, आणि उन्हांत धरावें. कागद करडा झाला कीं पान उचलून तो साध्या पाण्यांत सोडावा. पानाची जागा पांढरी राहते, भोंवतीं निळा रंग चढूं लागतो. मात्र पाण्यांत पिवळसर छटा उतरते आहे तोंवर धुणें थांबवूं नये.