मोंतायू : एका खेड्याची साक्ष

इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत, हें आतां सर्वांस मान्य आहे. परंतु सामान्य शेतकरी व धनगर कसे जगले, काय बोलले, कशास भ्याले, हें सांगण्याची वेळ आली कीं इतिहासकाराची लेखणी अडखळते. कारण ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांनीं मागें कागद ठेविला नाहीं. फ्रान्सच्या दक्षिणेस, आरिएज प्रांतांतील मोंतायू हें खेडें याला अपवाद आहे. मात्र हा अपवाद घडला कसा, हें कळल्यावर मन विषण्ण होतें.

पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडील अंगास, समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीच्या पठारावर हें गांव वसलें आहे. टेकडीच्या माथ्यावर पडक्या गढीच्या भिंती आहेत. चौदाव्या शतकांत तिच्याखालच्या उतारावर घरें होतीं. हिंवाळा कडक असल्यामुळें द्राक्षें व ऑलिव्ह येथें होत नसत. गहूं आणि ओट पिकत; पण दळण खेंचरांवर लादून खालीं आक्स गांवीं न्यावें लागे. खरें धन मेंढरांचें. धनगर उन्हाळ्यांत उंच कुरणांवर चढत आणि हिंवाळ्यांत कॅटलोनियापर्यंत उतरत.

या मुलखांत कॅथर पंथाचा प्रसार होता. दृश्य सृष्टि ही ईश्वराची नसून असत् तत्त्वाची निर्मिति होय, असें हा पंथ मानी. १२०९ सालीं पोपच्या आज्ञेनें त्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालें. १२४४ सालीं मोंसेग्यूरचा किल्ला पडला आणि दोनशेंहून अधिक पंथीय जिवंत जाळले गेले. तरी १३०० च्या सुमारास आक्सचा दस्तऐवज-लेखक पिएर ओतिए यानें हा पंथ पुन्हां जागविला. मोंतायूची वस्ती तेव्हां दोनशें ते अडीचशें. गांवचा पाद्री पिएर क्लेर्ग हाच आंतून पाखंडी, आणि त्याचा भाऊ सरकारी अधिकारी! १३०८ सालीं धर्मन्यायालयानें गांवांतील जवळजवळ सर्व प्रौढ माणसांना धरून नेलें.

पुढें पामिएचा बिशप झाक फूर्निए यानें १३१८ ते १३२५ या काळांत चौकशी चालविली. तिचे ३७० दिवस कामकाज झालें. उलटतपासण्या ५७८ झाल्या. हा गृहस्थ यातनांपेक्षां प्रश्नांवर अधिक विसंबे. पाखंड शोधतांना त्यानें घर, शेज, चूल, सारेंच विचारलें. त्यामुळें गढीच्या अधिकाऱ्याची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल हिचा पाद्र्याशीं असलेला संबंध नोंदला गेला. घराचें भाग्य टिकावें म्हणून मृत कर्त्या पुरुषाचे केंस व नखें जपून ठेवीत, हेंही लिहिलें गेलें. पिएर मॉरी हा धनगर, धोका ठाऊक असूनही, फरारी धर्मगुरूंची संगत सोडीना. अखेर तोही सांपडला.

फूर्निए १३३४ सालीं बारावा बेनेडिक्ट या नांवानें पोप झाला. त्याच्या दप्तराचा एक खंड व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत उरला. १९७५ सालीं एमान्युएल ल र्वा लादुरी यानें त्यावरून मोंतायूचा विख्यात इतिहास लिहिला. त्यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त आहेत. साक्षीदार आपल्या ऑक्सितान बोलींत बोलले, कारकुनानें लॅटिनमध्यें उतरविलें; शिवाय समोर तुरुंग व चिता दिसत असतां माणूस मोकळेपणानें बोलेल काय? तो कांहीं दडवील, कांहीं शेजाऱ्यावर ढकलील. म्हणून या दप्तराचें प्रत्येक पान वाचतांना विचारणारा कोण व सांगणारा कोण, हें विसरतां कामा नये.

आज मोंतायूंत पन्नासही माणसें राहत नाहींत. फूर्निएनें चौकशी केली नसती, तर हीं माणसें अधिक सुखानें जगलीं असतीं आणि आपणांस त्यांचीं नांवेंही कळलीं नसतीं. आपल्या ज्ञानाची ही किंमत त्यांनीं न विचारतां भरली आहे. वाचकानें बिशपाचे आभार मानण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांनीं भीतभीत साक्ष दिली, त्यांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकण्याचें ऋण मात्र आपल्यावर आहे.