चंद्रकांतेचे वाचक

देवकीनंदन खत्री आधी जंगलाचे ठेकेदार होते, लेखक नंतर झाले. जन्म १८६१ चा, बिहारमधल्या पूसा इथे, आजोळी. तरुणपणी गयेकडे व्यापार केला, मग काशीला आले आणि काशीनरेशांकडून चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. बनारसच्या दक्षिणेचा तो डोंगराळ मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पडके किल्ले, झाडोऱ्यात हरवलेल्या वाटा, गुहा, पावसाळ्यात दणदणणारे राजदरी-देवदरीचे धबधबे. ठेका हातचा गेला, पण मुलूख डोक्यात राहिला. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ ही त्यांची हिंदी कादंबरी छापली जाऊ लागली.

नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम. मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंह आडवा येतो आणि चुनारचा राजा शिवदत्त त्याला हाताशी धरतो. गोष्ट एवढीच, पण ती पळवतात ऐयार. वेष पालटणारे, आवाज उचलणारे, कमरेला बटवा आणि कमंद, म्हणजे चढायची दोरी, बाळगणारे हे हेर. शत्रूला बेशुद्धीची पूड हुंगवायची, त्याची गठडी बांधून पाठीवर टाकायची, मुक्कामाला पोचलं की लखलखा नाकाशी धरून शुद्धीवर आणायचं. काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी घरात मी हे पुस्तक वाचलं तेव्हा शाळेत होते आणि चंद्रकांतेपेक्षा मला चपला जास्त आवडायची. चपला तिची सखी, पण स्वतः ऐयार. पुरुषाचा वेष घेऊन एकटी रानात शिरणारी मुलगी मला तोवर कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. प्रकरणांना खत्री ‘बयान’ म्हणतात. एक बयान संपतं ते नेमकं कुणीतरी दार उघडण्याच्या बेतात असताना. त्यानंतर दिवा मालवून झोपणं कुणाला जमेल?

ऐयार आणि तिलिस्म, म्हणजे कोड्यांनी भारलेली बंदिस्त जागा, ही मूळची उर्दू दास्तानांची, लांबलचक अद्भुतकथांची दौलत. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड १८८३ पासून बाजारात आणले होते. तिथे जादूगार आहेत, मंत्रतंत्र आहे. खत्रींनी जादू काढून टाकली. त्यांचं तिलिस्म कळा, खटके आणि औषधी पुडी यांवर चालतं, कारागिरानं बांधलेलं असतं, आणि बुद्धी चालवली तर माणसाला फोडता येतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. वाचणारा मुलगा स्वतःही कोडं सोडवायला बसतो.

आता त्या काळचा बनारस डोळ्यांसमोर आणा. कचेऱ्यांत फारसी लिपीतली उर्दू चाले. नोकरी हवी असेल त्या घरातली मुलं अलिफ-बे गिरवत. हिंदीसाठी झटणारी नागरी प्रचारिणी सभा काशीतच निघाली, पण १८९३ मध्ये. कचेऱ्यांत नागरीला मुभा मिळाली १९०० मध्ये, लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनल यांच्या हुकमानं. ‘चंद्रकांता’ या दोन्हींच्या आधीची. उर्दू शिकलेली कितीतरी माणसं केवळ या पुस्तकासाठी नागरी अक्षरं शिकली. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती, बढतीची आशाही नव्हती. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं, एवढंच. खत्रींनी भाषाही तशीच ठेवली, चौकात बोलतात तशी, उर्दू शब्द न गाळता. काशीतल्या मराठी घरांना तर लिपीची अडचणच नव्हती. बाळबोध अक्षर घरचंच. आमच्याकडे पोथ्या आणि ‘चंद्रकांता’ एकाच फडताळात असत, आणि वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

गोष्टीच्या ओढीनं माणूस कुठवर जातो, हे प्रेमचंदांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. लमही हे त्यांचं गाव काशीजवळचंच. गोरखपुरात शिकत असताना ते एका पुस्तकविक्रेत्याची गाइडं शाळेत विकून द्यायचे आणि मोबदल्यात त्याच्या दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायचे. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ही त्यांनी त्याच वयात वाचलं. हाच मुलगा पुढे उर्दूतून हिंदीत आला, तेव्हा हिंदीत कादंबरी वाचणारा वर्ग तयार होता.

समीक्षक रामचंद्र शुक्लांनी १९२९ च्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात मान्य केलं की, खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कुणीच केले नाहीत. पण या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंक्तीत बसवायला ते तयार नव्हते. नुसत्या घटनाच घटना, ना रस ना स्वभावचित्रण, असा त्यांचा आक्षेप. मला हा निवाडा पटत नाही. ऐयार तेजसिंहाची वीरेंद्रसिंहावरची निष्ठा, चपलेचा धीटपणा, ऐयारांचा आपसातला शब्द, एकमेकांना जिवे न मारण्याचा रिवाज, हे सगळं स्वभावचित्रण नाही तर काय? आणि वाचकाला पहिलं पान उलटायला लावणं ही दुय्यम कला कशी?

‘चंद्रकांता’च्या पुढच्या कथेचे, ‘चंद्रकांता संतति’चे, चोवीस भाग झाले. १८९८ मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. ‘भूतनाथ’ लिहायला घेतला आणि तो अर्ध्यावर असताना १९१३ मध्ये ते वारले. वाचक थांबायला तयार नव्हते. मुलगा दुर्गाप्रसाद यांनी लेखणी उचलली आणि उरलेले भाग लिहून ‘भूतनाथ’ पुरा केला.